सोळाव्या होलवरची रेती

‘पाच,’ असं म्हणून प्रेरणा मॅडमनी कार्डावर आकडा टाकला, पेन्सिल टोपीत खोचली आणि त्या पुढच्या होलकडे चालायला लागल्या. उज्ज्वला बंकरच्या, त्या रेतीच्या खड्ड्याच्या, काठावर दाताळं हातात धरून उभीच राहिली. पाच कसे? दोन फटक्यांत चेंडू रेतीत आला, तिसऱ्यात बाहेर निघाला, मग झेंड्याभोवतीच्या बारीक गवतावर, ग्रीनवर, दोन. नुसतं मोजायला गेलं तर पाचच. पण तिसरा फटका मारायच्या आधी चेंडूच्या पुढ्यात कोणाच्या तरी बुटांचे तीन ठसे पडलेले होते, आणि तिने काय केलं, तर काठावरचं दाताळं उचललं, ते ठसे पुसून टाकले, रेती सारखी केली, दाताळं जिथल्या तिथे ठेवलं, पाय रोवले आणि मारलं. चेंडू हवेत असतानाच तिला नियम आठवला. आपल्या चेंडूच्या वाटेतली रेती फटक्याआधी सारखी करायची नसते. केली की दोन फटके दंड. हा नियम तिला क्लबाच्या निम्म्या मेंबरांपेक्षा चांगला ठाऊक होता. म्हणजे पाचाचे सात. आणि मॅडम दहा पावलांवर, तिच्याकडेच तोंड करून उभ्या होत्या.

‘मॅडम,’ तिने मागून हाक मारली, ‘म्या रेती सारखी केली नं आधी.’

‘मी काही पाहिलं नाही,’ मॅडम न वळता म्हणाल्या. ‘चल लवकर, वारं वाढतंय.’

उज्ज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर, ते तिलाही लगेच कळेना. आधी स्वतःच्या हातावर. काय हा हात! अकरा वर्षं ती या गोल्फच्या मैदानावर कामाला होती. लोहाऱ्याच्या कारखान्यांच्या शेडा संपतात तिथून पुढे हा मुरमाड माळ चढत जातो. त्यावर नऊ होल, दोनदा खेळून अठरा करायचे. अकरा वर्षं रोज सकाळी साडेसहाला दाताळं घेऊन ती एकेका बंकरमध्ये उतरत होती. पहिल्याच दिवशी मुकादमाने सांगितलं होतं, पायाचा ठसा दिसला की उद्या येऊ नको. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, नवऱ्याशी पटेना म्हणून पोरीला कडेवर घेऊन तांड्यावर परत आलेली, आणि उद्या येऊ नको हे शब्द तिने तेवढ्यात चार ठिकाणी ऐकले होते. त्या दिवसापासून ठसा दिसला की हात जातो. घरी अंगणात कोंबडीचे पाय उमटलेले दिसले तरी जातो. डोक्याला विचारतच नाही. आज, वर्षातून एकदाच येणाऱ्या या रविवारी, कमरेला कामाचा एप्रन नव्हता, पायात मॅडमनीच दिलेले खेळायचे बूट होते, छातीवर खेळाडू म्हणून नंबर लावलेला होता, आणि तरी हात कामावरच आलेला होता. तिला वाटलं, घ्यावं ते दाताळं आणि गुडघ्यावर ठेवून मोडून टाकावं. तिने ते नीट, दात खाली करून, काठाशी ठेवलं आणि मग त्याचाही राग आला.

पंच्याऐंशी पाहिजे होते. पंच्याऐंशी किंवा कमी, कारण या खेळात फटके जितके कमी तितकं चांगलं. क्लबाने शाळेतल्या मुलींसाठी खेळाचा वर्ग काढायचा ठरवला होता, आणि शिकवायला उज्ज्वलाला घ्यावं ही कल्पना प्रेरणा मॅडमची. कमिटीतले लोक म्हणाले, कामवाली बाई शिकवणार? तर मॅडमनीच तोड काढली: वार्षिक स्पर्धेत पंच्याऐंशीचं कार्ड आणलं तर शिकवेल. गेल्या वर्षी तिचे एक्क्याण्णव झाले, त्याच्या आदल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी. आणखी एक वर्ष थांबणार नव्हते ते. नागपूरहून कोणाला तरी आणायचं बोलणं चालू होतं. आज पहिल्या नऊ होलांचे त्रेचाळीस झाले. पंधराव्यापर्यंत सगळं हिशोबात होतं. आता सोळाव्यानंतर कार्डावर शहात्तर होते आणि खरे अठ्ठ्याहत्तर. सतराव्याचे ठरलेले फटके तीन, अठराव्याचे पाच. दोन्हीकडे ठरल्याइतकेच झाले तर कार्ड चौऱ्याऐंशी म्हणणार होतं. खरे शहाऐंशी. दोहोंपैकी एका ठिकाणी एक फटका वाचवला तर मात्र खरेही पंच्याऐंशी होत होते. तिने हा हिशोब तीनदा केला. म्हणजे अजून संधी होती. मग मॅडमना मध्ये तोंड घालायला कोणी सांगितलं होतं?

सतराव्याच्या उंचवट्यावर उभं राहिलं की खाली नाला, नाल्यापलीकडे पाटीएवढं ग्रीन, त्याच्या मागे सागाची रांग आणि तिच्याही मागे तुरीचं शेत. या होलने माणसं रडवली होती. वारा समोरून येतो, नाल्यातून वर उठतो, आणि चांगला मारलेला चेंडू अंगावर कोणी ओरडल्यासारखा मध्येच थबकून खाली पडतो. ग्रीनवर पडला तरी मुरमावर पातळ माती, तिच्यावर गवत. चेंडू टप्पा घेऊन सागात निघून जातो. यवतमाळातले मोठमोठे डॉक्टर, वकील, कारखानदार इथे दात खाताना तिने पाहिले होते. पाहिले होते म्हणजे, सागाखाली बसून शेंगदाणे खाताना पाहिले होते. त्यांना वाटायचं गवत काढणाऱ्या बाया बघत नाहीत. अरे, बघायचं नाही तर करायचं काय दिवसभर? आणि बघायचीही गरज नव्हती, रेतीत सगळं दिसायचं. कोण बंकरमध्ये एकदा उतरला आणि किती वेळा मारलं. कोणी चेंडू हाताने उचलून काठावर नेऊन ठेवला. टाच कुठे वळली, गुडघा कुठे टेकला. मग माणूस वर जाऊन ‘चार’ म्हणायचा, पुढचा माणूस ‘चार’ लिहायचा, आणि उज्ज्वला दाताळं घेऊन उतरायची. अकरा वर्षं ती पुसतच आली होती. आजपर्यंत तिला वाटायचं, आपण रेती साफ करतो. आता नाल्यावरचा वारा तोंडावर घेत तिच्या डोक्यात आलं की आपण यांचं खोटं साफ करत होतो, तेही सकाळी साडेसहाला, थंडीत, अनवाणी. तिने दात आवळून चेंडू मारला. रागाने मारलेला चेंडू बिघडतो म्हणतात. तिचा बिघडला नाही. वाऱ्याखालून गेला, ग्रीनच्या तोंडाशी पडला, दोन उड्या मारून मध्ये थांबला.

‘वा!’ मॅडम मनापासून म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा चेंडू नाल्यात गेला.

मॅडमचा मनापासूनपणा हेच तर अवघड होतं. त्या वाईट असत्या तर बरं झालं असतं. सोमवारी मैदान बंद असतं. गवताच्या खोलीमागे उज्ज्वला मुठीचं कातडं गेलेल्या एका जुन्या काठीने चेंडू मारताना त्यांना सापडली, तेव्हा दुसरं कोणी असतं तर मुकादमाला बोलावलं असतं. मॅडमनी तिचा उजवा खांदा धरून थोडा मागे ओढला आणि म्हणाल्या, आता मार. तो चेंडू गेला तसा कोणताच चेंडू त्याआधी गेला नव्हता. इथेच, या माळावर, ती दहा वर्षांची असताना बापाच्या गाई चारायची. देवीलालची पोर म्हणून सगळा माळ तिला ओळखायचा. माळ गेला, कुंपण आलं, गाई विकल्या, आणि त्याच मातीवरून एक पांढरा चेंडू आपण सांगू तिथे जाऊन पडतो, हे पाहून तिला त्या सोमवारी हसूच आलं होतं. पाच वर्षं मॅडमनी शिकवलं. बूट दिले. पोरीच्या दहावीला पुस्तकं दिली. कमिटीत भांडल्या. त्यांच्याविरुद्ध मनात काही आणायचं म्हणजे पाप, असं तिला वाटत आलं होतं. पण मघाचं ते ‘मी काही पाहिलं नाही’ तिच्या गळ्यात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं. देणाऱ्याने द्यावं, पण निदान घेणारीला विचारावं तरी. म्या मागितलं होतं का? ती मनात म्हणाली. मी चोरी केली असती तर मला कळली असती. ही तुम्ही माझ्या पदरात टाकलेली चोरी आहे. सतराव्यावर तिचे तीन झाले. ठरल्याइतकेच. आता शेवटच्या होलवर एक फटका वाचवायचा होता.

अठराव्याच्या सुरुवातीला पुढचे लोक अडकले होते म्हणून थांबावं लागलं. मॅडमनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं. नाही म्हणायची सवय कुठे होती?

‘टेन्शन घेऊ नकोस,’ मॅडम म्हणाल्या. ‘इथे पार, ठरलेले पाचच, काढलेस तरी झालं. चौऱ्याऐंशी.’

‘शहाऐंशी, मॅडम.’

‘पुन्हा तेच. अगं, तुझा हेतू होता का? सवयीने हात गेला. त्याने फटका सोपा झाला नाही काही.’

‘झाला नं. ठशावरून चेंडू उडला असता.’

मॅडम हसल्या. बिया हातात घेतल्या, रुमालात बांधल्या. मैदानावर कचरा टाकायच्या नाहीत त्या. मग अगदी सहज, संत्र्याची आणखी एक फोड सोलत म्हणाल्या, ‘अकराव्यावर माझा चेंडू मुळापाशी गेला होता, तेव्हा तू काही बोललीस का? नाही ना. मला ते फार आवडलं. एकमेकींना सांभाळून घ्यायचं. नाहीतर या पुरुषांच्या क्लबात आपण दोघी टिकू का?’

उज्ज्वलाच्या तोंडातली फोड तोंडातच राहिली. अकरावा. सागाचं मूळ जमिनीबाहेर आलेलं, चेंडू त्याला चिकटून, मारायला गेलं तर काठी मोडावी. मॅडम तिथे उभ्या होत्या, इकडे तिकडे बघत, आणि बुटाच्या आतल्या बाजूने चेंडू हातभर सरकला होता. सरकला होता, असंच तिने तेव्हा मनाशी म्हटलं. कोणी सरकवला ते म्हटलं नाही. मग मॅडमनी ‘सहा’ सांगितले आणि तिने सहा लिहिले. कारण स्पर्धेत आपलं कार्ड आपण लिहायचं नसतं. जोडीदाराचं आपण लिहायचं, आपलं जोडीदाराने. मॅडमचं कार्ड तिच्याच खिशात होतं. त्यावर तिच्याच अक्षरातले सहा होते. खरे, दंडाचे दोन धरून, आठ. म्हणजे उपकार नव्हताच तो! परतफेड होती. आणि व्यवहाराची सुरुवात मॅडमनी नव्हती केली, उज्ज्वलाने केली होती. अकराव्यावर, मान खाली घालून, एक अक्षर न बोलता. तीही रेतीच सारखी केली होती तिने. फक्त हातात दाताळं नव्हतं. तिला इतका संताप आला की समोरचा चढ, झेंडा, वर क्लबाच्या व्हरांड्यातल्या पांढऱ्या खुर्च्या, सगळं क्षणभर लाल दिसलं. मॅडमचा नाही, मुकादमाचा नाही. स्वतःचा. नियम पाठ करून बसली होतीस ना गं? कुठे गेले होते नियम? बूट आठवले, पुस्तकं आठवली, वर्ग आठवला, आणि जीभ टाळ्याला चिकटली.

ती अठराव्यावर जशी खेळली तशी ती कधीच खेळली नव्हती. पहिला फटका चढावर मुरमाच्या पट्ट्यात पडला, तिथून टप्पा घेऊन आणखी वर गेला. दुसरा वाऱ्यात वाकून ग्रीनच्या अलीकडे. तिसऱ्याला चेंडू तिने खरवडून उचलल्यासारखा उचलला आणि तो झेंड्यापासून चार हातांवर जाऊन बसला. चार हात. आत गेला तर चार फटके. खरे पंच्याऐंशी. कोणाचं काही घ्यायला नको, कोणाला काही द्यायला नको. व्हरांड्यातले लोक उठून कठड्याशी आले. उज्ज्वला उकिडवी बसली. हे ग्रीन तिने स्वतः लावलेलं होतं, चौथ्या वर्षी, बायांच्या रांगेत बसून, गवताचं एकेक ठोंब बोटाने दाबत. उतार कुठे आहे ते तिच्या गुडघ्यांना माहीत होतं. थोडा डावीकडे. तिने चेंडू ढकलला. तो डावीकडे गेला, वळला, होलच्या काठाला लागला, काठावरून अर्धा फिरला आणि बाहेर येऊन थांबला.

‘अरेरे,’ वरून कोणीतरी म्हणालं. मग तिने तो बोटभर अंतरावरून आत टाकला. टाळ्या पडल्या. मॅडमनी येऊन तिला मिठी मारली. ‘चौऱ्याऐंशी! अगं पोरी, चौऱ्याऐंशी!’ त्यांच्या डोळ्यात खरंच पाणी होतं.

व्हरांड्याच्या टोकाला टेबल मांडून शंकरसिंग बसला होता. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. स्पर्धेची कार्डं तोच घ्यायचा, आणि घेतल्यावर देवबाप आला तरी बदलू द्यायचा नाही. त्याच्यामागे फळ्यावर बायकांची नावं होती. सर्वात वर डॉक्टर कोकिळाबाई, एकोणनव्वद. मॅडमचे, उज्ज्वलाच्या खिशातल्या कार्डाप्रमाणे, अठ्ठ्याऐंशी. चषक फक्त मेंबरांसाठी, म्हणजे तो मॅडमचा, सलग चौथ्या वर्षी.

‘आओ बाई,’ शंकरसिंग म्हणाला. ‘दोघींनी कार्डं तपासा, सही करा, द्या.’

मॅडमनी उज्ज्वलाचं कार्ड तिच्यासमोर ठेवलं. त्यांनी सही करून ठेवलीच होती. उज्ज्वलाने पेन घेतलं. सोळाव्याच्या चौकोनातले पाच खोडले. सात लिहिले. खाली चौऱ्याऐंशी खोडून शहाऐंशी.

‘काय करून राह्यली तू?’ मॅडम हळूच म्हणाल्या. रागावल्या की त्यांचीही भाषा घरची व्हायची. ‘वर्ग पाहिजे न तुले? डोकं ठिकाणावर हाय का?’

‘पाहिजे नं. कोनाले नको?’

‘मग?’

उज्ज्वलाने खिशातून दुसरं कार्ड काढलं. अकराव्याच्या चौकोनातले सहा खोडून तिने आठ लिहिले, अठ्ठ्याऐंशीचे नव्वद केले आणि खाली, लिहिणारीची सही असते त्या जागी, पूर्ण नाव घातलं. उज्ज्वला देवीलाल राठोड. मग ते कार्ड मॅडमकडे सरकवलं.

‘म्या तवाच सांगाले पाह्यजे होतं, मॅडम,’ ती म्हणाली. ‘नाही सांगितलं. ते माह्यं चुकलं. त्याची तुमी परतफेड नोका करू.’

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. मग लाल. ‘मी तुझ्यासाठी काय काय केलं ते विसरलीस?’

‘नाही विसरली. म्हनूनच तं इतक्या होलपर्यंत गप होती.’

आवाज चढला होता. कोकिळाबाई चहाचा कप हातात धरून बघत राहिल्या. शंकरसिंगने दोन्ही कार्डांकडे पाहिलं, मग मॅडमकडे, आणि अगदी फौजी आवाजात विचारलं, ‘मॅडम, हे आठ तुम्हाला कबूल की नाही? कबूल नसेल तर कमिटी बसेल. दोघींना विचारेल.’

उज्ज्वलाला वाटलं आता त्या ओरडतील, खोटं म्हणतील, आणि तिला ते हवंही होतं. भांडायला तिच्याकडे अकरा वर्षांचा माल होता. पण मॅडमनी पेन उचललं. नव्वदवर सही केली, शहाऐंशीवरची खोडाखोड आपल्या आद्याक्षरांनी मान्य केली, पेनाला टोपण लावलं आणि गाडीकडे निघून गेल्या. एकदाही मागे न बघता. शंकरसिंगने फळ्यावर खडूने आकडे लिहिले. तिच्या नावापुढे शहाऐंशी लिहिताना तो जरासा थांबला.

हलकं वगैरे काही वाटलं नाही. लोक म्हणतात खरं बोललं की हलकं वाटतं. उज्ज्वलाला भूक लागली होती, पायात बूट चावत होते आणि राग जसाच्या तसा होता. उलट आता त्याला जायला जागा नव्हती. वर्ग गेला. नागपूरचं माणूस येईल, मुलींचे खांदे धरून मागे ओढेल, आणि संध्याकाळी त्या मुलींच्या पायांचे ठसे तीच पुसेल. मॅडम पुन्हा कधी बोलतील की नाही कोण जाणे. सायकल स्टँडच्या सिमेंटच्या ओट्यावर बसून तिने बूट काढले. पायांच्या बोटांना वारा लागला. एवढ्यात फोन वाजला.

तांड्यावरून याडी होती, तिची आई. भुरीबाईचा आवाज फोनवर नेहमीच ओरडल्यासारखा यायचा. तिला वाटायचं, अंतर जितकं तितकं मोठ्याने बोलावं लागतं. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत तिने विचारलं, संपलं का, किती आले.

‘शहाऐंशी.’

मग याडीने तिथल्या तिथे कोणाला तरी हाक मारली, आणि ती हाक आणखी कोणी पुढे नेली. शंभरातून शहाऐंशी! दहावीला बावन्न पडले होते आपल्या उज्ज्वलाला, आणि आता शहाऐंशी! मागे देवीलालचा खोकला ऐकू आला, बायांचा गलका, कोणीतरी ताट वाजवत होतं. याडी सांगत होती की तू येईस्तोवर लापशी करते, बाप तुझा दारातच उभा आहे.

उज्ज्वलाला मॅडमच्या मिठीत रडू आलं नव्हतं, टेबलापाशी आलं नव्हतं. आता आलं, आणि रागाने आलं. तिने नाक पुसलं आणि ओरडूनच सांगितलं, की हा खेळ उलटा असतो, याडी. इथे जास्त म्हणजे वाईट. पंच्याऐंशी चालले असते. पहिले त्यांनी माझे चौऱ्याऐंशीच लिहिले होते. दोन वाढले म्हणून शिकवायचं काम गेलं.

तिकडचा गलका हळूहळू थांबला. याडीला सगळं समजलं नसावं. तिने बराच विचार करून एकच गोष्ट विचारली, की ते वरचे दोन कोणी लिहिले तुझ्या नावावर, नाव सांग त्याचं, मी येते आत्ता.

‘म्या,’ उज्ज्वला म्हणाली. ‘म्याच लिवले.’